डिव्हिडंड ईटीएफमधून साठीनंतरची मिळकत: सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ५४ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो धंद्यात येणार नाही. साठीला माग विकून शेड भाड्यानं द्यायचा बेत आहे. पेन्शन नाही. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला: डिव्हिडंड ईटीएफमध्ये एकदा पैसे घातले की दर तिमाहीला घरबसल्या पैसे येतात, मूळ रकमेला हात लावायची गरज नाही. (डिव्हिडंड म्हणजे कंपनीनं भागधारकांना दिलेला नफ्यातला वाटा. तो चांगला देणाऱ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा आणि स्वतः शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड म्हणजे डिव्हिडंड ईटीएफ; त्यातला आपला हिस्सा म्हणजे युनिट.) हाताशी ४० लाख आहेत. ते सगळे तिथे घालावेत का आणि त्यावर महिना ४० हजार सुटतील का, असं त्यांनी विचारलं आहे. वडिलांच्या नावचे जुने कागदी शेअर सापडलेत, त्यांचं काय करायचं, हेही विचारलं आहे.

नमस्कार मालक. सरळ उत्तर आधी देते. ४० लाखांवर महिना ४० हजार म्हणजे वर्षाला १२ टक्के झाले. इतका डिव्हिडंड देणारा कुठलाही धड ईटीएफ नाही, आणि जो कोणी तेवढा देईन म्हणेल त्याच्यापासून दूर राहा. दुसरी गोष्ट, जी व्हिडिओत सांगितलेली नसते: भारतात ज्यांना डिव्हिडंड ईटीएफ म्हणतात, ते बहुतेक वेळा तुमच्या बँक खात्यात डिव्हिडंड जमाच करत नाहीत. तरीही तुमच्या योजनेत या फंडाला जागा आहे, फक्त ती तुम्ही समजताय तिथे नाही.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा अमेरिकेतल्या फंडांबद्दलचा असणार. तिथे ईटीएफनं गोळा केलेला डिव्हिडंड दर तिमाहीला युनिटधारकांना वाटण्याची रीत पक्की आहे, आणि त्यावरच जगणारी निवृत्त मंडळीही आहेत. आपल्याकडचं गणित वेगळं आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी डिव्हिडंड ऑपॉर्च्युनिटीज ५० नावाचा निर्देशांक, म्हणजे ठरलेल्या नियमानं निवडलेली कंपन्यांची यादी, आहे. चांगलं डिव्हिडंड यील्ड, म्हणजे शेअरच्या भावाच्या मानानं चांगला डिव्हिडंड, असलेल्या ५० कंपन्या त्यात घेतात. आयटीसी, टीसीएस, हिंदुस्तान युनिलिव्हर, कोल इंडिया, पॉवर ग्रिड अशी नावं त्या यादीत नेहमी दिसतात. या निर्देशांकावर निप्पॉन इंडियाचा ईटीएफ आहे. या कंपन्या जो डिव्हिडंड देतात तो फंडाच्या तिजोरीत येतो, त्यातून पुन्हा शेअर घेतले जातात आणि तुमच्या युनिटची किंमत तेवढी वाढते. तुमच्या मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचा मेसेज येत नाही. सरकारी कंपन्यांच्या सीपीएसई ईटीएफनं मधूनमधून वाटप केलेलं आहे, पण ते कधी होईल आणि किती होईल याचा भरवसा नसतो. शिवाय त्यात जेमतेम दहा-अकरा कंपन्या, त्याही मुख्यतः वीज, कोळसा आणि तेलातल्या.

आता डिव्हिडंडची ताकद किती, तेही बघू. निफ्टी ५० चं, म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचं, डिव्हिडंड यील्ड गेली बरीच वर्षं सव्वा टक्क्याच्या आसपास घुटमळतं आहे. म्हणजे ४० लाखांवर वर्षाला ५० हजार. डिव्हिडंडवाल्या निर्देशांकाचं यील्ड त्याहून जास्त असतं. हिशेबासाठी ३ टक्के धरा. वर्षाला १ लाख २० हजार होतात, म्हणजे महिना १० हजार, तेही कर कापण्याआधी. महिना ४० हजार निव्वळ डिव्हिडंडमधून हवे असतील तर याच दरानं १ कोटी ६० लाख लागतील. तुलनेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. तिथे ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, महिन्याला २०,५०० पडतात, आणि मागे सरकारची हमी असते. नियमित पैसा हातात येणं एवढाच हेतू असेल तर डिव्हिडंड ईटीएफ तिच्यासमोर टिकत नाही.

मग शेअरमध्ये जायचंच कशाला? कारण ते ६१,५०० पाच वर्षं ६१,५०० च राहतात. घरखर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर आजचे ४० हजार तुमच्या साठीत ५६-५७ हजार झालेले असतील, आणि १५ वर्षांनी जवळपास ९६ हजार. दवाखान्याचा खर्च तर याहून वेगानं वाढतो. चांगल्या कंपन्यांचा नफा आणि त्यातून मिळणारा डिव्हिडंड वर्षागणिक वाढतो, आणि माझ्या मते डिव्हिडंडच्या बाजूनं सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. पहिल्या वर्षी तो क्षुल्लक वाटतो. १५-२० वर्षं धीर धरलेल्या माणसाला मूळ गुंतवणुकीच्या मानानं तो बराच मोठा झालेला दिसतो.

एका गैरसमजाशी मात्र नीट भिडायला हवं, कारण तुमचा अख्खा बेत त्यावरच उभा आहे. 'मूळ रकमेला हात लागत नाही' हे खरं नाही. एखाद्या शेअरचा भाव ५०० आहे आणि कंपनीनं १५ रुपये डिव्हिडंड दिला, तर ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो मिळत नाही त्या दिवशी भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. कंपनीच्या खात्यातून १५ रुपये गेले, तुमच्या खात्यात १५ आले. तुमची एकूण संपत्ती होती तेवढीच राहिली. तुम्ही कारखान्याच्या चालू खात्यातून घरखर्चाला उचल घेता, तेव्हा ती यंदाच्या नफ्यातून गेली की भांडवलातून, हे वर्षाअखेरीला ताळेबंद बघूनच कळतं. डिव्हिडंडचंही तसंच आहे. नफ्यातून दिलेला असेल आणि नफा वाढता असेल तर झीज भरून निघते. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तर हा घोळ इतका झाला की शेअर बाजाराच्या नियामक सेबीनं एप्रिल २०२१ पासून फंडांच्या 'डिव्हिडंड' पर्यायाचं नावच बदलायला लावलं. आता नावातच लिहिलेलं असतं की हे मिळकतीचं वाटप आहे आणि त्यात भांडवल काढून दिलेलंही असू शकतं. तुम्हाला कोणी अशा पर्यायात घालू पाहत असेल तर हे नाव सावकाश वाचा.

कराकडे येऊ. पूर्वी कंपनीच डिव्हिडंडवर कर भरायची आणि तुमच्या हातात तो करमुक्त यायचा. १ एप्रिल २०२० पासून ते बंद झालं. आता डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या टप्प्यानुसार कर लागतो. एका कंपनीकडून किंवा एका फंड घराण्याकडून वर्षात १० हजारांपेक्षा जास्त आला तर १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. आज तुमचं धंद्याचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे असं धरते. मग उपकरासकट १०० रुपये डिव्हिडंडमधले ३१ रुपये २० पैसे गेले. मागे उरलेल्या ६९ वरच पुढची वाढ.

आता इथे बघा. ईटीएफला मिळणाऱ्या डिव्हिडंडवर फंडाच्या पातळीवर आयकर नाही. तो डिव्हिडंड वाटून न टाकता फंडानं पुन्हा गुंतवला तर १०० चे १०० कामाला लागतात. म्हणजे जो तुम्हाला भारतीय ईटीएफचा दोष वाटेल, तोच पुढची ६ वर्षं तुमच्या फायद्याचा आहे. तुम्हाला आज त्या पैशांची गरज नाही. ते हातात घेऊन कर भरायचा आणि परत गुंतवायचे, हा उलटा व्यवहार आहे. हेच शेअर तुम्ही थेट विकत घेतले असते तर ही सवलत मिळाली नसती. माझ्या मते या वयाला या ईटीएफची सगळ्यात भक्कम बाजू ही आहे.

पैसे लागतील तेव्हा युनिट विकायचे. वर्षभर धरून ठेवलेल्या युनिटच्या विक्रीतला नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. त्यात वर्षाला १ लाख २५ हजारांपर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. हा नियम २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासूनचा. समजा तुम्ही १ लाख ६० हजारांचे युनिट विकले आणि त्यात नफ्याचा वाटा एक तृतीयांश आहे. करपात्र नफा ५३ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे कर शून्य. हेच १ लाख ६० हजार ३० टक्क्यांच्या टप्प्यात डिव्हिडंड म्हणून आले असते तर ४९,९२० रुपये कर गेला असता. साठी येईपर्यंत दर वर्षी सव्वा लाखापर्यंतचा नफा विकून मोकळा करायचा आणि एक-दोन दिवसांत तेच युनिट पुन्हा घ्यायचे, असंही करता येतं. त्यानं खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढचा कर कमी होतो.

साठीनंतर चित्र बदलेल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. माग विकले, धंद्याचं उत्पन्न थांबलं, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यात डिव्हिडंड बसतो, व्याज बसतं, भाडं बसतं. भांडवली नफ्याला मात्र ती सवलत मिळत नाही, त्याला त्याची सव्वा लाखाची वेगळी सूट आहे. म्हणजे त्या वयात डिव्हिडंड हातात घेणं करामुळे वाईट ठरत नाही. फक्त टीडीएस कापला जाऊ नये म्हणून ज्येष्ठांसाठीचं स्वयंघोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायचं, नाहीतर रिटर्न भरून परताव्याची वाट बघत बसावं लागतं.

आता जास्त यील्डच्या मोहाबद्दल. यील्ड हा भागाकार आहे: वर नुकताच दिलेला डिव्हिडंड, खाली आजचा भाव. भाव कोसळला की यील्ड आपोआप फुगतं, आणि कंपनी बरी चालली आहे म्हणून ते फुगलंय असं माणसाला वाटतं. वेदांतानं २०२२-२३ मध्ये एका शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे डिव्हिडंड दिला, तेव्हा भाव तीनशेच्या आत-बाहेर होता. कागदावर यील्ड ३० टक्क्यांहून वर. त्या काळात तिच्या लंडनमधल्या मूळ कंपनीवर कर्जफेडीचा मोठा बोजा होता. पुढच्याच वर्षी डिव्हिडंड २९ रुपये ५० पैशांवर आला. मागच्या वर्षाचा आकडा बघून ज्यानं घरखर्चाचा हिशेब मांडला असेल, त्याचं काय झालं असेल?

कोल इंडियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१० मध्ये २४५ रुपयांनी शेअर आले. नंतर डिव्हिडंड सढळ हातानं मिळत राहिला, पण २०२० च्या अखेरच्या महिन्यांत भाव त्या किमतीच्या निम्म्याजवळ घसरला होता. २०२४ मध्ये तोच ५०० च्या वर गेला. म्हणजे कंपनी वाईट नव्हती. पण नेमकं २०२० साली ज्याला मुलीच्या लग्नासाठी शेअर मोडावे लागले, त्याला हा पुढचा दिवस काहीच कामाचा नव्हता.

आणि डिव्हिडंड बंदही होतो, अगदी धडधाकट कंपन्यांचा. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी डिव्हिडंड देऊ नका असं सांगितलं. बँक कितीही भक्कम असो, त्यानंतर भागधारकांच्या हाती त्या नफ्यातून काही आलं नाही. त्याच सुमारास निफ्टी जानेवारीतल्या १२,४०० च्या आसपासच्या उंचीवरून २३ मार्चला ७,६१० वर येऊन बंद झाला होता. दोन-सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के. अशा वर्षी डिव्हिडंडवर अवलंबून असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी मार बसतो. म्हणून एकेका शेअरऐवजी ५० कंपन्यांचा ईटीएफ, हे मला पटतं. एकीचा डिव्हिडंड बुडाला तरी बाकीच्या असतात, आणि यादीतून कंपनी काढण्याचा निर्णय भावनेवर राहत नाही. पण यील्ड बघून निवडलेल्या निर्देशांकात सरकारी, कोळसा-तेल-वीज आणि आयटी कंपन्यांचं वजन जास्त असतं, वाढीवर पैसा लावणाऱ्या कंपन्या कमी असतात. म्हणून सगळा पैसा तिथे नको.

तुमच्या बाबतीत तर विविधतेचं महत्त्व जास्तच आहे. प्लॉट, शेड, माग, व्यापाऱ्यांकडची उधारी, सगळं एका शहरात आणि एकाच मालात अडकलेलं आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्या बंद पडल्या तेव्हा एकाच धंद्यावर बसलेल्या घरांचं काय झालं ते आपल्या शहरानं पाहिलं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा निर्यातीचा टॉवेल करणाऱ्यांची झोप उडाली होती. तेव्हा या ४० लाखांतून पहिल्यांदा धंद्याची आणि घराची अडचणीची रक्कम वेगळी निघाली आहे ना, ते तपासा. ती या ४० लाखांच्या बाहेर असेल तर पुढचं वाचा. नसेल तर आधी ती काढा आणि खालचे आकडे तेवढे कमी करा.

माझा बेत असा राहील. १५ लाख राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेच्या ठेवीत किंवा तशाच सुरक्षित ठिकाणी ठेवा. कर वजा जाता ६ वर्षांत ते १९-२० लाखांच्या घरात जातील. माग विकून येणारे पैसे त्यात घाला आणि साठ पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख भरा. मागांच्या किमतीवर फार भिस्त ठेवू नका. जुन्या साध्या मागांना शेवटी भंगाराच्या जवळचाच भाव येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हाचा व्याजदर आजच्याएवढाच असेल असंही नाही, तो सरकार दर तिमाहीला ठरवतं, पण पैसे भरताना जो असेल तो ५ वर्षं पक्का राहतो. वहिनी साठीच्या झाल्या की त्यांच्या नावानं वेगळे ३० लाख भरता येतात.

उरलेले २५ लाख शेअरमध्ये, पण एका दिवशी नाही. वर्ष-दीड वर्षात समान हप्त्यांत घाला. त्यातला मोठा भाग निफ्टी ५० च्या साध्या ईटीएफमध्ये किंवा इंडेक्स फंडात (त्याच यादीतले शेअर घेणारा साधा म्युच्युअल फंड), आणि फार तर एक तृतीयांश डिव्हिडंडवाल्या ईटीएफमध्ये. डिव्हिडंड देणाऱ्या कंपन्यांचा भाव पडत्या बाजारात तुलनेनं कमी हलेल अशी अपेक्षा असते, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर हा स्थिरपणा उपयोगाचा. वर्षाला १० टक्के वाढ धरली तर ६ वर्षांत २५ चे ४४ लाख होतात. हा अंदाज आहे, वचन नाही. ८ टक्क्यांनी झाले तर ४० च्या आत राहतील. धंद्यातून महिना २५ हजारांची एसआयपी ६ वर्षं जमली तर त्याच दरानं आणखी साडेचोवीस लाख.

मग साठीत काय दिसेल? ज्येष्ठ योजनेतून महिना २०,५००. शेअरमधल्या ४४ लाखांतून वर्षाला साडेतीन टक्के काढले तर महिना १२,९००. एसआयपीच्या रकमेतून त्याच हिशेबानं ७,१५०. शेडचं भाडं १५ हजार धरते. बेरीज ५५ हजारांवर जाते, म्हणजे आजच्या ४० हजारांच्या बरोबरीला जवळजवळ येऊन पोचते. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो, शेड दुसऱ्याला देण्यासाठी महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं, ते आधीच विचारून ठेवा. भाडं गृहीत धरून बसलात आणि परवानगी अडकली असं नको.

साडेतीन टक्केच का? कारण बाजार सुरुवातीच्याच वर्षांत पडला आणि तुम्ही वर्षाला सात-आठ टक्के काढत राहिलात, तर मूळ रक्कम पुन्हा उभी राहत नाही. यासाठीच साठीला शेअरमधून काढायच्या दोन वर्षांच्या रकमेएवढे पैसे, म्हणजे साधारण ५ लाख, ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड) बाजूला काढा. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास त्या वर्षाला लागतील तेवढेच युनिट विकायचे, पैसे बचत खात्यात ठेवायचे आणि तिथून महिन्याचा ठरलेला आकडा घरखर्चाच्या खात्यात वळवायचा. बाजार आधीच्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली असेल तर त्या वर्षी युनिटला हात लावायचा नाही, राखीव रकमेतून घ्यायचं. डिव्हिडंड देणारा फंड जे तुमच्यासाठी करेल असं तुम्हाला वाटतं, ते हे आहे. ते स्वतः केलं तर रक्कम तुम्ही ठरवता, वेळ तुम्ही ठरवता आणि करही बहुतेक वेळा कमी बसतो.

ईटीएफ घेण्याची पद्धत शेअरसारखीच, डिमॅट खात्यातून. इथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. निफ्टी ५० च्या मोठ्या ईटीएफमध्ये रोज भरपूर उलाढाल होते, पण डिव्हिडंडसारख्या कमी चालणाऱ्या ईटीएफमध्ये घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा भाव यांत बरंच अंतर पडू शकतं. फंडाच्या संकेतस्थळावर बाजार चालू असताना युनिटची खरी किंमत सतत दाखवली जाते. ती बघा आणि तिच्या आसपासचा भाव टाकूनच ऑर्डर द्या, 'बाजारभावानं घ्या' असं कधीही करू नका. सकाळी सव्वानऊला आणि शेवटच्या काही मिनिटांत व्यवहार टाळा. २५ कोटींपेक्षा लहान व्यवहार फंड घराण्याशी थेट करता येत नाही, त्यामुळे वाजवी भावाची काळजी आपणच घ्यायची. हे झंझट नको असेल तर निफ्टी ५० साठी इंडेक्स फंड घ्या. तिथे दिवसअखेरच्या किमतीला व्यवहार होतो आणि एसआयपीही सोपी जाते.

अमेरिकेतला फंड थेट घेऊ का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. घेता येतो, कायदेशीर आहे. पण डिव्हिडंडवर तिथे २५ टक्के आधीच कापले जातात. इथे त्याचं श्रेय मिळतं, पण त्यासाठी वेगळे अर्ज भरावे लागतात, आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दर वर्षी चोख भरावं लागतं. वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, जातो. तो करात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे अमेरिकेचा वारसा कर. तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असेल तर तुमच्या पश्चात वहिनींना त्या कराला तोंड द्यावं लागू शकतं. तुमच्या रकमेला आणि वयाला हा व्याप मला योग्य वाटत नाही.

रीट (भाड्याच्या इमारतींत पैसा लावणारे न्यास) आणि इन्व्हिट (वीजवाहिन्या, रस्ते अशा प्रकल्पांत लावणारे) हे आपल्याकडे खरोखर नियमित वाटप करणारे प्रकार आहेत. वाटपायोग्य रोख रकमेतली किमान ९० टक्के त्यांना वाटावीच लागते. पण पॉवर ग्रिडच्या इन्व्हिटचं बघा: २०२१ मध्ये १०० रुपयांनी आला, तिमाहीला ३ रुपये दिले, आणि भाव नंतर शंभराच्या बराच खाली गेला. वाटपातला काही भाग तुमचंच भांडवल असू शकतो. साठीनंतर शेअरच्या हिश्श्यातला दहावा भाग इतपत ठीक, त्याहून जास्त नको.

जाता जाता एक कळकळीची गोष्ट. ११-१२ टक्के देणाऱ्या पतसंस्थांत आपल्या शहरातली खूप घरं पैसे ठेवतात, तुम्हालाही कोणीतरी सांगितलं असेलच. बँकेच्या ठेवींना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. साठीचा पैसा तिथे ठेवू नका.

डिमॅट खातं उघडताना वहिनींचं नाव दुसऱ्या क्रमांकावर घाला आणि नामनिर्देशन दोघांच्याही खात्यांना करा. वर्षाला किती युनिट विकायचे, पैसे कुठून कुठे न्यायचे, ही एका पानाची टिपणी मराठीत लिहून त्यांच्याकडे द्या, आणि पहिल्या एक-दोन वर्षांची विक्री त्यांच्याच हातून करून घ्या. पुरुषमाणूस गेल्यावर चांगली गुंतवणूक केवळ कोणाला माहीत नाही म्हणून पडून राहिलेली मी फार वेळा पाहिली आहे.

वडिलांच्या कागदी शेअरचं काम मात्र लगेच हाती घ्या. कंपनी अजून आहे का, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली का, ते आधी शोधा. सलग ७ वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नसेल तर ते शेअर आणि तो डिव्हिडंड गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तिथून ते परत मागता येतात, हक्क बुडत नाही. निधीच्या संकेतस्थळावर नावानं किंवा फोलिओ क्रमांकानं शोधता येतं. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, तुमचं पॅन आणि डिमॅट खातं लागेल. भावंडं असतील तर त्यांच्या ना-हरकतीही लागतील. आधी कंपनीच्या निबंधकाकडे वारस म्हणून तुमची नोंद करून घ्यायची, मग निधीकडे दावा. यात महिनोन्‌महिने जातात. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत, ते डिमॅटमध्ये यावेच लागतात. सर्टिफिकेटांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढून घ्या, मूळ कागद लॅमिनेट करू नका आणि 'टक्केवारीवर काम करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.